सुगंधी द्रव्ये व संवेदनशील त्वचा

त्वचेवर लावावयाची मलमे, लेप, तेले, साबण, गंधजले इ. प्रसाधनांना वास आणण्यासाठी किंवा मूळ घटकांचा नकोसा वास झाकण्यासाठी जे पदार्थ मिसळतात, त्यांना सुगंधी द्रव्ये म्हणतात. त्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात : (१) फुले, पाने, साली, मुळे, फळांच्या साली, डिंक व शैवाक (दगडफुले) यांपासून मिळणारी बाष्पनशील (सहज उडून जाणारी) तेले व अर्क, आणि (२) रासायनिक संश्लेषणाने तयार केलेली संयुगे. आधुनिक सुगंधनिर्मितीत सु. तीन हजार द्रव्ये वापरात असून एकाच अत्तरात त्यांपैकी कित्येक डझनांपासून काही शेकड्यांपर्यंत द्रव्ये असू शकतात. बहुसंख्य लोकांना या द्रव्यांचा काहीही त्रास होत नाही. काहींच्या त्वचेवर मात्र त्यांच्यामुळे खाज, आग, लाली, इसब किंवा काळसर डाग उद्‌भवतात. हा त्रास कोणत्या द्रव्याने व कोणत्या क्रियेने होतो, हे समजण्यास फार काळ लागला. द्रव्य वनस्पतिजन्य आहे की संश्लेषित, यावरून त्याची सुरक्षितता ठरत नसून रेणूची रचना, त्याची मात्रा, संपर्काचा काल, प्रकाश व हवा यांची क्रिया आणि त्वचेची अवस्था यांवरून ती ठरते, हा या दीर्घ अनुभवाचा निष्कर्ष होय.

प्राचीन व मध्ययुगीन परंपरा : त्वचेची निगा आणि सुगंध यांची सांगड अतिप्राचीन आहे. इ. स. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गेलेन याच्या नावाने ओळखले जाणारे शीतल मलम मेण, ऑलिव्ह तेल आणि गुलाबपाणी यांपासून करीत. आजच्या ‘कोल्ड क्रीम’ची पूर्वपीठिका तेथपर्यंत जाते. भारतात चंदन, वाळा (उशीर), नागरमोथा, केशर, कापूर, कोष्ठ (सं. कुष्ठ) इ. द्रव्ये लेपांत व उटण्यांत वापरीत. चरकसंहितेत दाह शमविणाऱ्या द्रव्यांच्या गणात चंदन व वाळा यांचा समावेश आहे. सुगंधी द्रव्य हे केवळ शोभेचे नसून त्वचेला हितकर आहे, ही धारणा या परंपरेत दृढ झाली.

सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ‘गंधयुक्ति’ हा स्वतंत्र अध्याय आहे. त्यात सोळा द्रव्यांतून चार-चार निवडल्यास १,८२० वेगवेगळे संच होतात असे गणित दिले असून, प्रमाणे बदलून त्यांपासून आणखी कितीतरी मिश्रणे होतात असेही दाखविले आहे. कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसऱ्या सोमेश्वराच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील ग्रंथात स्नान व विलेपन या राजोपभोगांचे सविस्तर वर्णन आढळते. या विषयावरील संस्कृत ग्रंथ दीर्घकाळ विस्मृतीत गेले होते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४० नंतरच्या दशकात गंगाधराचा गंधसार आणि मराठी टीकेसह असलेला गंधवाद या ग्रंथांचा परिचय करून दिला. गंधवादाचा व त्याच्या मराठी टीकेचा काळ त्यांनी सु. १३५० ते १५५० यांदरम्यान मानला. गंधशास्त्राची चर्चा मराठीत किती जुनी आहे, हे त्यावरून दिसते.

या जुन्या प्रसाधनांत सुगंधी द्रव्य बहुधा उगाळलेल्या किंवा कुटलेल्या रूपात असे. सहाणेवर उगाळलेल्या चंदनात तेलाचा अंश अल्प असतो, तर दिवाळीच्या अभ्यंगस्नानातील उटणे अंगाला चोळून लगेच धुतले जाते. त्यामुळे द्रव्याची मात्रा आणि संपर्काचा काल या दोहोंना आपोआपच मर्यादा पडत असे. ही मर्यादा पुढे ऊर्ध्वपातनामुळे ओलांडली गेली.

ऊर्ध्वपातन व संश्लेषण : नवव्या शतकात अल्‌-किंदी या अरब विद्वानाने सुगंध व ऊर्ध्वपातन यांवर ग्रंथ लिहिला. गुलाबपाण्याचा व्यापार इराण व अरब प्रदेशांतून दूरवर पसरला. भारतात कनौज येथे तांब्याची देग व भपका यांच्या साहाय्याने फुलांचा अर्क चंदनतेलात उतरवून अत्तर करण्याची पद्धत आजही चालू आहे. ऊर्ध्वपातनाने वनस्पतीतील सुगंध अतिशय संहत (दाट) स्वरूपात मिळतो. गुलाबाचे एक किग्रॅ. तेल मिळविण्यास सु. तीन ते पाच टन फुले लागतात. म्हणजेच मूळ फुलात अत्यल्प असलेले रेणू तेलाच्या थेंबात हजारो पटींनी अधिक संहतीने त्वचेवर येतात.

एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्राने या व्यवसायाचे स्वरूप पालटले. विल्यम हेन्री पर्किन यांनी १८६८ मध्ये कुमारिनाचे, तर टीमान व हार्मान यांनी १८७४ मध्ये व्हॅनिलिनाचे संश्लेषण केले. १८८२ मध्ये पॅरिस येथील हूबिगां या अत्तर व्यवसायी संस्थेने ‘फूझेर रोयाल’ हे अत्तर बाजारात आणले. त्यात कुमारीन आणि ओक वृक्षावरील शैवाकाचा अर्क यांचा मिलाफ होता. १९२१ सालच्या ‘शानेल क्र. ५’ मध्ये संश्लेषित आल्डिहाइडांचा भरपूर वापर करण्यात आला. पुढे सुगंधी द्रव्ये स्वस्त झाली आणि अत्तराच्या कुपीतून बाहेर पडून ती साबण, भुकटी, मलम, दाढीनंतरचे द्रव, कपडे धुण्याची चूर्णे अशा नित्याच्या वस्तूंत शिरली. त्यांच्याशी येणारा संपर्क प्रासंगिक न राहता दैनंदिन झाला.

कोलनजल व सूर्यप्रकाश : सुगंधी तेलाने त्वचेला होणाऱ्या अपायाचे पहिले नीट अभ्यासिलेले उदाहरण कोलनजलाचे (ओ द कोलोनचे) आहे. योहान मारिया फारिना या इटालियन व्यावसायिकाने जर्मनीतील कोलोन शहरात १७०९ मध्ये स्थापन केलेल्या व्यवसायातून हे गंधजल प्रसिद्धीस आले. बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचे तेल हा त्याचा एक प्रमुख घटक असून हे फळ मुख्यतः दक्षिण इटलीतील कालाब्रिया प्रांतात होते. १९१६ मध्ये फ्रॉइंड या त्वचारोगतज्ञाने कोलनजल लावून उन्हात बसलेल्या व्यक्तींच्या त्वचेवर तपकिरी डाग उमटल्याचे नमूद केले व त्यांचा संबंध बर्गमॉट तेलाशी जोडला. १९२५ मध्ये रोझेन्थाल यांनी अशाच डागांना लोलकाच्या अर्थाच्या शब्दावरून ‘बर्लोक’ त्वचाशोथ हे नाव दिले. कारण गळ्यावरून ओघळलेल्या थेंबाच्या आकाराचाच डाग पडलेला दिसे. स्विस संशोधक कुस्के यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बर्गमॉट तेलातील बर्गॅप्टेन या फ्युरोकुमारीन वर्गातील संयुगामुळे त्वचा प्रकाशास संवेदनशील होते, असे दाखविले.

ही क्रिया अधिहर्षतेची (ॲलर्जीची) नाही. पुरेसे बर्गॅप्टेन व पुरेसा दीर्घतरंगी जंबुपार प्रकाश एकत्र आल्यास ती कोणाच्याही त्वचेवर होऊ शकते. भारतीय वैद्यकास या क्रियेची व्यवहारातून ओळख होती. पांढऱ्या कोडावर (श्वित्रावर) बावचीच्या बियांचा लेप लावून उन्हात बसण्याचा उपचार आयुर्वेदात सांगितला आहे. १९३३ मध्ये जोईस, मंजुनाथ व वेंकटराव या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी बावचीपासून सोरॅलीन वेगळे केले. सोरॅलीन व बर्गॅप्टेन ही एकाच कुळातील संयुगे होत. त्वचेत रंगद्रव्य निर्माण करण्याचा त्यांचा जो गुण कोडाच्या उपचारात उपयोगी पडतो, तोच सुगंधी प्रसाधनात दोष ठरतो. पुढे प्रसाधनांसाठी फ्युरोकुमारिने काढून टाकलेले बर्गमॉट तेल तयार होऊ लागले. आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेने उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेवरील प्रसाधनांत साध्या बर्गमॉट तेलाची मर्यादा ०·४% ठरवली. फारिनाच्या व्यवसायाची स्थापना आणि फ्रॉइंड यांची नोंद यांत दोनशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे.

पट्टी-चाचणी व अधिहर्षतेचे स्वरूप : बहुसंख्य सुगंधजन्य विकार मात्र अधिहर्षतेचे असतात. त्यांचा शोध घेण्याचे साधन ब्रेस्लौ येथील त्वचारोगतज्ञ योझेफ याडासोन यांनी दिले. पाऱ्याच्या मलमाने त्रास झालेल्या रुग्णांच्या निरोगी त्वचेवर तेच द्रव्य पट्टीखाली ठेवून विकाराची लहानशी प्रतिकृती निर्माण करता येते, असे त्यांनी १८९५ मध्ये ग्राट्‌स येथील परिषदेत मांडले. आज या पट्टी-चाचणीत संशयित द्रव्ये ठराविक प्रमाणात पेट्रोलॅटमात मिसळून पाठीवर ४८ तास चिकटवून ठेवतात. पट्ट्या काढल्यावर एकदा आणि तिसऱ्या वा चौथ्या दिवशी पुन्हा निरीक्षण करतात. लाली, सूज व बारीक फोड आल्यास चाचणी होकारात्मक मानतात.

या क्रियेचे रहस्य रेणूच्या आकारात आहे. सुगंध येण्यासाठी रेणू लहान व बाष्पनशील असावा लागतो. असाच लहान, तेलात विरघळणारा रेणू त्वचेच्या बाह्यतम शृंगी थरातून आत शिरू शकतो. एवढासा रेणू एकट्याने प्रतिरक्षा-प्रतिक्रिया निर्माण करू शकत नाही. कार्ल लँडस्टायनर व जॉन जेकब्स यांनी १९३५ च्या सुमारास गिनीपिगांवर केलेल्या प्रयोगांतून साध्या रासायनिक संयुगांनीही त्वचा संवेदित होते आणि ही क्षमता संयुगाच्या प्रथिनांशी जोडले जाण्याच्या गुणाशी निगडित आहे, असे दिसून आले. अशा संयुगास अपूर्ण प्रतिजन म्हणतात. प्रथिनाशी जोडल्या गेलेल्या या रेणूची वार्ता बाह्यत्वचेतील लांगरहान्स कोशिका जवळच्या लसीका ग्रंथींकडे नेतात व तेथे त्याला ओळखणाऱ्या लसीका कोशिका तयार होतात. पाउल लांगरहान्स यांनी या कोशिकांचे वर्णन १८६८ मध्येच केले होते. त्यांचे कार्य समजण्यास सु. शंभर वर्षे लागली. संवेदन होण्यास साधारणतः दहा ते चौदा दिवस लागतात आणि त्या काळात त्वचेवर काहीच दिसत नाही. त्यानंतर तोच रेणू पुन्हा आल्यास एक ते तीन दिवसांत इसब उमटते. प्राप्त झालेली ही संवेदिता बहुधा आयुष्यभर टिकते व ती नाहीशी करणारा उपचार नाही. द्रव्य टाळणे एवढाच उपाय उरतो. म्हणूनच वर्षानुवर्षे निर्वेधपणे वापरलेले मलम एखाद्या दिवशी अचानक बाधते आणि रुग्णाचा त्यावर विश्वास बसत नाही.

सूचक द्रव्ये : वराहमिहिराने मिश्रणांचे जे गणित मांडले, त्याचीच दुसरी बाजू निदान करताना पुढे येते. शेकडो द्रव्यांच्या मिश्रणातून अपायकारक द्रव्य शोधणे अवघड असते आणि अत्तराचा नुसखा हे व्यापारी गुपित असते. यातून पहिली वाट पेरू बाल्समाने दाखविली. हा सुगंधी राळयुक्त स्राव वस्तुतः मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर येथील वृक्षापासून मिळतो. पूर्वी तो पेरूच्या बंदरांतून यूरोपात जात असल्यामुळे त्याला हे नाव पडले. त्यात सिनॅमिक व बेंझॉइक अम्लांची एस्टरे व इतर अनेक सुगंधी संयुगे असतात. कोपनहेगन येथील नील्स योर्ट यांनी १९६१ मध्ये बाल्समांच्या अधिहर्षतेवर प्रबंध प्रसिद्ध केला. त्यानंतर हे बाल्सम सुगंधाच्या अधिहर्षतेचे सूचक म्हणून वापरले जाऊ लागले.

१९७७ मध्ये अमेरिकेतील त्वचारोगतज्ञ डब्ल्यू. जी. लार्सेन यांनी अत्तरजन्य त्वचाशोथ झालेल्या वीस रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून आठ द्रव्यांचे चाचणी-मिश्रण आकारास आले : सिनॅमिक अल्कोहॉल, सिनॅमिक आल्डिहाइड, युजेनॉल, आयसोयुजेनॉल, जिरॅनिऑल, हायड्रॉक्सिसिट्रोनेलाल, ॲमिलसिनॅमिक आल्डिहाइड आणि ओक-शैवाकाचा अर्क. यांतील युजेनॉल लवंगेच्या तेलात, सिनॅमिक आल्डिहाइड दालचिनीच्या तेलात व जिरॅनिऑल गुलाब आणि रोशा गवत यांच्या तेलांत विपुल असते. म्हणजेच यादीतील बरीच द्रव्ये स्वयंपाकघरात व बागेत परिचयाची आहेत. २००५ मध्ये सिट्रल, कुमारीन, फार्नेसॉल इ. सहा द्रव्यांचे दुसरे मिश्रण चाचणीसाठी पुढे आले. भारतात पट्टी-चाचणीसाठी वापरण्यात येणाऱ्या प्रमाणित संचातही पेरू बाल्सम व सुगंध-मिश्रण यांचा समावेश आहे.

काळवंडणारी त्वचा : सावळ्या व पीतवर्णी त्वचेत सुगंधाचा अपाय नेहमीच लाल इसबाच्या रूपात दिसत नाही. गुस्ताफ रील यांनी १९१७ मध्ये व्हिएन्ना येथे चेहऱ्यावरील करड्या-तपकिरी काळवंडीचे वर्णन केले व तिचा संबंध युद्धकालीन अन्नाशी असावा अशी कल्पना केली. जपानमध्ये अशाच विकाराने स्त्रियांचे चेहरे काळवंडत. १९७० नंतरच्या दशकात हिदेओ नाकायामा व त्यांचे सहकारी यांनी पट्टी-चाचण्यांद्वारे त्याचे कारण प्रसाधनांत शोधले. यलांग-यलांग व कनंगा यांची तेले, जाईचा अर्क, बेंझिल सॅलिसिलेट ही सुगंधी द्रव्ये, तसेच काही रंगद्रव्यांतील अशुद्धी यांमुळे त्वचेत सौम्य पण सतत दाह होऊन रंगद्रव्य खोल थरात झिरपते, असे आढळले. ही द्रव्ये वगळून केलेला साबण व प्रसाधने दिल्यावर रुग्णांचे चेहरे हळूहळू उजळले. जपानी उत्पादकांनी ती द्रव्ये टाळल्यावर हा विकार तेथे पुष्कळ कमी झाला. भारतीय त्वचेच्या बाबतीत हा अनुभव विशेष उद्‌बोधक आहे. कारण खाज नसलेली काळवंड ‘उन्हाने झाली’ असे समजून तिच्यावर आणखी एखादे सुगंधी मलम लावले जाण्याचा संभव असतो.

याच सुमारास संश्लेषित द्रव्यांचेही दोष उघड झाले. पुरुषांच्या दाढीनंतरच्या द्रवांतील मस्क अँब्रेट या कृत्रिम कस्तुरीमुळे उघड्या त्वचेवर प्रकाशजन्य अधिहर्षता होत असल्याचे १९७० च्या दशकाच्या अखेरीस आढळून आले. १९९५ मध्ये यूरोपीय संघाने प्रसाधनांत तिच्या वापरास बंदी केली.

‘नैसर्गिक’ तेलांचा प्रश्न : फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ रने-मॉरिस गातफॉसे यांचा सुगंधोपचारावरील ग्रंथ १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे या उपचाराचा प्रसार होऊन नाजूक त्वचेला संश्लेषित सुगंधापेक्षा वनस्पतींची तेले मानवतात, असा समज रूढ झाला. उपलब्ध पुरावा या समजास पुष्टी देत नाही. एका बाष्पनशील तेलात अनेक संयुगे असतात व त्यांतील काही संवेदक असू शकतात.

कोष्ठाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. काश्मीरकडील या वनस्पतीचे सुगंधी मूळ इ. स. पहिल्या शतकात सिंधूच्या मुखावरील बंदरातून व भडोचहून पश्चिमेकडे जात असे. पेरिप्लस या ग्रंथात त्याची नोंद आहे. परंतु त्याच्या तेलातील कॉस्ट्युनोलाइड व डीहायड्रोकॉस्टस लॅक्टोन ही सेस्क्विटर्पिन लॅक्टोने तीव्र संवेदक असल्याने सुगंध म्हणून या तेलाचा वापर आज यूरोपीय कायद्याने निषिद्ध आहे. हाच रासायनिक वर्ग महाराष्ट्राला निराळ्या कारणाने परिचित आहे. १९५० च्या दशकाच्या मध्यास पुण्याच्या परिसरात आढळलेले गाजर गवत (काँग्रेस गवत) पुढे देशभर पसरले. त्यातील पार्थेनीन या सेस्क्विटर्पिन लॅक्टोनामुळे चेहरा, मान व हात यांवर होणारे हट्टी इसब १९७० च्या दशकात पुण्याहून वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले. अशा रुग्णांपैकी काहींना त्याच कुलातील (कंपॉझिटी) इतर वनस्पतींचे अर्कही बाधतात. नाजूक त्वचेसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या मलमांत आवर्जून घालण्यात येणारे कॅमोमिल हे याच कुलातील फूल आहे.

दुसरा दोष साठवणीचा आहे. लव्हेंडर तेलातील लिनॅलूल आणि संत्र्याच्या सालीच्या तेलातील लिमोनीन ही संयुगे ताज्या, शुद्ध स्थितीत दुर्बल संवेदक आहेत. हवेशी दीर्घकाळ संपर्क आल्यास मात्र त्यांचे ऑक्सिडीभवन होऊन हायड्रोपेरॉक्साइडे बनतात व ती प्रबळ संवेदक असतात. स्वीडनमधील आन-तेरेस कार्लबेर्ग व त्यांचे सहकारी यांनी १९९० नंतरच्या दोन दशकांत हे सिद्ध केले. ऑस्ट्रेलियातील टी-ट्री तेलाच्या बाबतीतही जुने, हवा लागलेले तेल अधिक बाधक ठरते. म्हणून अशी तेले घट्ट बुचाच्या गडद बाटलीत, थंड व अंधाऱ्या जागी ठेवणे आणि जुनी झाल्यावर त्वचेसाठी न वापरणे आवश्यक असते.

संवेदनशील त्वचेची संकल्पना : व्यवहारात ‘संवेदनशील त्वचा’ हा शब्द अधिहर्षतेसाठीही वापरला जातो, शास्त्रीय दृष्ट्या त्या दोन भिन्न अवस्था आहेत. १९७७ मध्ये पीटर फ्रॉश व ॲल्बर्ट क्लिगमन यांनी घामेजलेल्या चेहऱ्यावर नाकाच्या बाजूच्या घडीत लॅक्टिक अम्ल लावून कोणास चुणचुण होते हे पाहण्याची चाचणी प्रसिद्ध केली. चुणचुण होणाऱ्यांच्या त्वचेवर पुष्कळदा डोळ्यांना काहीच दिसत नसे. २०१७ मध्ये एका आंतरराष्ट्रीय तज्ञगटाने संवेदनशील त्वचेची व्याख्या केली. सामान्यतः त्रासदायक नसणाऱ्या उद्दीपकांमुळे चुणचुण, आग, वेदना, खाज इ. अप्रिय संवेदना होणे आणि त्यांचे स्पष्टीकरण दुसऱ्या त्वचाविकाराने न होणे, असा तिचा आशय आहे. यात मज्जातंतूंचा वाटा मोठा आहे. मेंथॉलाची शीतलता आणि दालचिनीतील सिनॅमिक आल्डिहाइडाची जळजळ ही मज्जातंतूंवरील विशिष्ट ग्राहींच्या उद्दीपनाने होते, हे २००० नंतरच्या दशकात समजले. तसेच २००६ मध्ये फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोष व प्रवृत्तिजन्य इसब यांचा संबंध सिद्ध झाला. अशा त्वचेचा शृंगी थर सदोष असल्याने तिच्यात बाह्य द्रव्ये सुलभतेने शिरतात. तात्पर्य, ज्या त्वचेसाठी सौम्य मलम सर्वांत आवश्यक, तिच्यावरच सुगंधाचा परिणाम तीव्र होण्याचा संभव असतो.

नियंत्रण व लेबले : सुगंध उद्योगाने १९६६ मध्ये अमेरिकेत सुगंधी द्रव्यांच्या सुरक्षिततेसाठी संशोधन संस्था व १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय सुगंध संघटना स्थापन केली. ही संघटना निरनिराळ्या द्रव्यांच्या वापराच्या मर्यादा ठरविते. शासकीय नियंत्रण अधिक सावकाश आले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७५ मध्ये ‘अल्प-अधिहर्षक’ असा दावा करणाऱ्या प्रसाधनांना चाचणीचा पुरावा सक्तीचा केला. परंतु उत्पादकांनी दाद मागितल्यावर १९७७ मध्ये अपील न्यायालयाने तो नियम रद्द ठरविला. तेव्हापासून तेथे या शब्दास निश्चित कायदेशीर अर्थ उरलेला नाही. ‘गंधहीन’ या शब्दानेही फसगत होऊ शकते. कारण मूळ घटकांचा वास झाकण्यासाठी अशा प्रसाधनात सुगंधी द्रव्य घातलेले असू शकते.

यूरोपीय संघाने २००३ मध्ये २६ सुगंधी द्रव्यांची नावे लेबलावर देणे बंधनकारक केले; हा नियम मार्च २००५ पासून अंमलात आला. त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनात ०·००१% व धुऊन टाकावयाच्या प्रसाधनात ०·०१% यांहून अधिक प्रमाण असल्यास नाव देणे आवश्यक असते. संपर्काच्या कालाचे महत्त्व या दोन मर्यादांतून स्पष्ट होते. यूरोपातील तज्ञ समितीच्या २०१२ सालच्या अहवालात सर्वसामान्य लोकसंख्येत सुगंधाच्या अधिहर्षतेचे प्रमाण १ ते ३% असल्याचे अनुमान आहे. त्या अहवालानंतर ओक-शैवाकातील ॲट्रॅनॉल व क्लोरोॲट्रॅनॉल आणि ‘लिरल’ नावाने विकले जाणारे संश्लेषित द्रव्य यांवर २०१७ मध्ये बंदी जाहीर झाली व ती २०१९ ते २०२१ या काळात टप्प्याटप्प्याने लागू झाली. २०२३ च्या नियमाने नावे देण्याच्या द्रव्यांची यादी ऐंशीच्या वर नेली असून तीत अनेक बाष्पनशील तेलांचाही समावेश आहे. नव्या उत्पादनांसाठी ३१ जुलै २०२६ व आधीपासून बाजारात असलेल्यांसाठी ३१ जुलै २०२८ ही मुदत ठरविण्यात आली. भारतात प्रसाधनांचे नियंत्रण औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांन्वये होते.

संवेदित व्यक्तीच्या दृष्टीने लेबलावरील नावाचे महत्त्व कायद्याच्या तांत्रिक तपशिलापेक्षा मोठे आहे. पट्टी-चाचणीतून अपायकारक द्रव्याचे नाव कळले, तरी ते प्रसाधनाच्या वेष्टनावर छापलेले नसेल, तर त्या ज्ञानाचा उपयोग होत नाही. नवे प्रसाधन घेताना फिनलंडमधील हान्नुकसेला व सालो यांनी १९८६ मध्ये सुचविलेली साधी चाचणी उपयुक्त ठरते : कोपराच्या खोबणीत ते प्रसाधन दिवसातून दोनदा, निदान सात दिवस लावून पाहावे व लाली वा पुरळ आल्यास वापर थांबवावा. संहत बाष्पनशील तेले या रीतीने लावू नयेत. ज्यांना सतत इसब होते, त्यांनी सर्व सुगंधी द्रव्ये वगळलेली प्रसाधने वापरून त्वचारोगतज्ञाकडून पट्टी-चाचणी करून घेणे इष्ट होय. बर्गमॉट, शैवाक आणि जपानी प्रसाधने या प्रत्येक उदाहरणात अपाय आधी लोकांच्या त्वचेवर उमटला, कारण नंतर समजले आणि निर्बंध त्याहून उशिरा आले. शैवाकयुक्त अत्तर १८८२ मध्ये निघाले व त्यातील संवेदक संयुगांवर बंदी येण्यास सु. १३५ वर्षे लागली. हे अंतर कमी करण्याचे काम रुग्णाच्या तक्रारीची काळजीपूर्वक नोंद, पट्टी-चाचणी आणि घटकांची स्पष्ट नावे देणारे लेबल या तीन गोष्टींनी झाले आहे.